तिघाडी

“कुबडीच्या रबरी टोप्या आहेत का?”

“आहेत की. दोन ना?”

“तीन.”

औषधवाल्याचा हात खोक्यातच थांबला. त्याने काउंटरवरून वाकून माझे पाय पाहिले. ते दोनच होते. मग माझ्यामागे कुणी उभं आहे का, तेही पाहिलं. “जोडीत येतात हो,” तो म्हणाला. शेवटी चार घेतल्या. चौथी पुढे कित्येक महिने आमच्या चमच्यांच्या खणात पडून होती. पाहुण्यांसाठी चमचा काढायला गेलं की आधी ती हाताला लागायची.

टोप्या हव्या होत्या बाकासाठी. बसायचं बाक नव्हे, बंदूक टेकवायचं. त्याला शूटिंग बेंच म्हणतात. म्हणजे इंग्रजीत म्हणतात. मराठीत त्याला काहीच म्हणत नाहीत आणि माझ्या पुढच्या हालअपेष्टांचं कारण तेच. आपल्याकडे बेंच म्हटलं की माणूस त्यावर बसतो. शाळेने दहा वर्षांत दुसरं काही पक्कं केलेलं नसलं तरी हे केलेलं असतं. “हा बघा माझा बेंच,” असं मी ज्याला ज्याला म्हणालो, त्याने त्याने “वा!” म्हणत त्यावर बूड टेकायला घेतलं आणि मी त्याला दंडाला धरून बाजूला ओढलं. शेवटी त्यावरून पडलं कोण, ते ओघात येईलच.

या सगळ्याचं मूळ १ ऑगस्ट २०२४ या तारखेत आहे. त्या दिवशी पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा, तेव्हा रेल्वेत टीसी. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीहून कुस्तीचं कांस्य आणलं, त्यानंतर महाराष्ट्राच्या माणसाला ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक पदक मिळायला ७२ वर्षं लागली. सगळा महाराष्ट्र आनंदला. मी मात्र ‘टीसी’ या शब्दापाशी अडकलो. डोंबिवलीकर असल्यामुळे टीसीशी माझा जन्माचा संबंध. त्याने हात पुढे करायचा आणि मी खिसे चाचपायचे. टीसीची नजर जर एवढी तीक्ष्ण, तर ज्याने पस्तीस वर्षं त्या नजरेला सेकंड क्लासच्या पासावर फर्स्ट क्लासमधून चुकवलं, त्याची किती असेल, असा सरळ हिशेब मी मांडला आणि निवृत्तीनंतर मिळालेल्या पैशातला एक बारका तुकडा मोडून एअरगन घेतली.

घाबरू नका. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे नळी ४.५ मिलिमीटरची आणि ताकद २० जूलच्या आत असेल, तर परवाना लागत नाही. बिल मी पाकिटात ठेवतो. देवाचा फोटो जिथे असायचा, तिथे.

बंदूक आली आणि पहिल्याच दिवशी दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे स्पर्धेचं अंतर दहा मीटर असतं आणि आमचं घर दहा मीटरचं नाही. गॅलरीच्या कठड्यापासून हॉल आणि स्वयंपाकघर ओलांडून पाण्याच्या फिल्टरपर्यंत टेप लावली, तर आठ मीटर वीस सेंटीमीटर भरली. उरलेले एक मीटर ऐंशी शेजाऱ्यांच्या न्हाणीघरात होते. दुसरी गोष्ट म्हणजे माझा छर्रा लक्ष्यावर लागत नव्हता, आणि दोष बंदुकीचा की माझा, हे ठरवायची काही सोय नव्हती. बायकोने निकाल त्याच दिवशी दिला होता. पण मी वरच्या कोर्टात गेलो.

लहानपणी जत्रेत फुगे फोडायच्या बंदुकीवर हीच केस मी हरलो होतो. दहा छऱ्यांत एक फुगा फुटला, तोही मी नेम धरला होता त्याच्या वरच्या ओळीतला. “नळी वाकडी आहे,” असं मी म्हणालो. फुगेवाल्याने तीच बंदूक उचलून, मान दुसरीकडे वळवून, माझा फुगा फोडला. तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मनात आहे. बंदूक हलणार नाही अशी टेकवली, माणूस त्यातून जवळजवळ वजा केला, आणि तरीही छर्रे विखुरले, तर दोष बंदुकीचा. एकाच जागी पडले, तर दोष ज्याचा त्याचा. स्पर्धेत दहा मीटरला उभं राहूनच मारायचं असतं, तिथे बाक चालत नाही. बाक लागतं ते त्याआधी, आपल्या हातातली वस्तू सरळ आहे का, ते पाहायला. (लग्नाआधीही अशी काही सोय असावी, असं मला वाटतं. बायकोलाही वाटतं.)

आता बाक म्हणजे काय, तर टेबल. पण हलणारं टेबल कामाचं नाही. बंदूक पुढे पिशवीवर आणि मागे खांद्यावर टेकते. दोन्हींत पाऊण मीटरचं अंतर धरा. टेबल पुढच्या बाजूला एक मिलिमीटर उचललं गेलं, तर दहा मीटरवर नेम सव्वा सेंटीमीटरहून जास्त वर जातो. आणि दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका केवढा असतो? अर्धा मिलिमीटर. पूर्णविरामाएवढा. छर्रा त्याच्या नऊपट जाड. मुंगीच्या डोळ्यात मुसळ घालण्याचा हा खेळ आणि त्यासाठी टेबल डुलणारं!

आमच्या घरातलं प्रत्येक टेबल डुलतं. मुलाचं अभ्यासाचं टेबल तर पहिलीपासून बारावीपर्यंत एका पायाखाली गाईडची घडी ठेवून उभं होतं. त्या गाईडचा मुलाला झालेला तेवढाच उपयोग. इराण्याच्या हॉटेलात संगमरवरी टेबलाच्या पायाखाली सिगरेटच्या पाकिटाचा पुठ्ठा असायचा, आठवतंय? चार पायांना हा शाप आहे. कुठलेही तीन बिंदू एका सपाटीत बसतात, असं भूमितीच्या बाईंनी शिकवलं होतं. चौथा त्यांत बसेल की नाही, ते नशिबावर. म्हणजे तीन पायांचं टेबल दगडावर ठेवा, ढेकळांवर ठेवा, जिन्यात ठेवा, तिरकं राहील पण डुलणार नाही. जमीन मोजायला येणाऱ्या माणसाचं फळकं तिवईवर असतं, फोटोग्राफरचा कॅमेरा तिवईवर असतो. मी ठरवलं, बाकाला तीन पाय.

“तीन तिघाडा, काम बिघाडा,” बायको म्हणाली.

मी तिला प्रतल समजावून सांगितलं. ती म्हणाली, देवाला जातानासुद्धा तिघं जात नाहीत, मोजून एक सुपारी बरोबर घेतात. आमचा मेहुणा तिथेच चहा पीत होता. हा माणूस कुठल्याही कामात पाचर मारण्यात पटाईत. “भावोजी, तीन चाकांची रिक्षा वळणावर कशी होते, पाहिलंय ना?” मी गप्प झालो, कारण मुद्दा बरोबर होता. तीन पाय डुलत नाहीत, पण कलंडतात. वजन त्या तिघांच्या त्रिकोणाच्या आत असेल तोवर खडक. बाहेर गेलं की रिक्षा. म्हणून एक पाय पुढे, दोन मागे माणसाच्या बाजूला, आणि तिन्ही बाहेर फाकवलेले. पाय फाकवायचे तर पाय आणि फळी यांच्यामध्ये उतरती लाकडी पाचर हवी. म्हणजे मेहुण्याचा उपयोग झालाच.

फळीसाठी मुलाचं टेबल घेतलं. मुलगा पुण्याला नोकरीला. टेबल गॅलरीत कुंड्या सांभाळत होतं. सुताराकडून करवून घेतलेलं, एकोणीस मिलिमीटरचा प्लाय, चार फूट बाय अडीच, वर निळा सनमायका. पाय मी दुपारी काढले. एक बेसावध क्षण असा होता की बायकोच्या हातात कुंडी होती आणि ठेवायला टेबल नव्हतं. तो प्रसंग इथे विस्ताराने सांगत नाही.

बाकीचं सामान किरकोळ. भंगारवाल्याकडून पाऊण इंची जीआय पाइप, अडीच अडीच फुटांचे तीन तुकडे, वजनावर २४० रुपये. प्लंबरने एका टोकाला आटे पाडून दिले, १५० रुपये. (“माळ्यावर टाकी बसवताय का?” “नाही, बंदूक.” त्यानंतर त्याने घासाघीस केली नाही.) तीन फ्लँज २१०, बोल्ट नट वॉशर ९०, आणि त्या ऐतिहासिक टोप्या १६०. पाइप फ्लँजमध्ये हाताने पिळून बसवायचे, काम झालं की उलटे पिळून काढायचे, म्हणजे बाकाचं गाठोडं होतं. एकूण ८५० रुपये. मी हा आकडा अभिमानाने जाहीर केला. बायकोने त्याच कागदावर खाली टेबलाचे २,८०० लिहिले, बेरीज केली आणि कागद फ्रिजवर लावला.

कापायचं काम मात्र कौशल्याचं. बाकाची फळी सरळ चौकोनी ठेवून चालत नाही. उजव्या हाताने मारणाऱ्याची डावी बाजू फळीत शिरली पाहिजे, म्हणून मागच्या डाव्या कोपऱ्यात खाच काढायची. उजवीकडे फळी तशीच मागे येऊ द्यायची, म्हणजे उजवं कोपर तिच्यावर निवांत टेकतं. मी आखणी केली. सनमायक्यावर पेन्सिल उमटेना, म्हणून फळी पालथी घालून प्लायच्या बाजूने आखली. काटकोन्याने दोनदा तपासली. दोनदा! मग रविवारी दुपारी तीन वाजता करवत लावली.

डोंबिवलीत रविवारी दुपारी दोन ते चार या वेळात देवसुद्धा घंटा वाजवू देत नाही. पंधरा मिनिटांत सोसायटीचे सेक्रेटरी बनियनवर दारात. मी त्यांना आत घेतलं, काय चाललंय ते सांगितलं आणि पाय जोडून बाक उभं करून दाखवलं. सनमायका गुळगुळीत म्हणून तो वर ठेवला. मध्ये पाण्याने काठोकाठ भरलेला पेला ठेवला, शेजारी धपकन पाय आपटला. पाणी हललं नाही. सेक्रेटरी एवढे भारावले की “छान बेंच आहे हो,” म्हणत बसायलाच निघाले. मी त्यांना ओढलं. आमचे संबंध तेव्हापासून थोडे ताणलेले आहेत.

तर बाक तयार, पण दहा मीटरचा प्रश्न तसाच होता. तो सोडवला मास्तरांनी. मास्तर जव्हार तालुक्यातले, दाभोशाचे. पूर्वी आमच्याच सोसायटीत भाड्याने राहायचे, निवृत्त होऊन गावी गेले. “भात झोडून झालं की या,” म्हणाले. “घरामागं मोकळं शेत आहे, पलीकडं दोन पुरुष उंचीचा मातीचा बांध. छर्रा गेला तर मातीतच जाईल.”

दाभोसा म्हटलं की लोकांना धबधबा आठवतो. लेंडी नदी तिथे तीनशेएक फूट खाली उडी घेते आणि पावसाळ्यात शनिवार-रविवारी शहरातली माणसं दोरीला लोंबकळत तिच्या शेजारून उतरतात. आम्ही गेलो ते डिसेंबरात. तेव्हा गर्दीही नसते आणि नदीही बऱ्यापैकी निवृत्त झालेली असते.

बाक हलकं, नेण्याजोगं असावं, ही माझी अट होती. त्याचं वजन भरलं पंधरा किलो. नेण्याजोगं याचा खरा अर्थ मला कल्याणच्या एसटी स्टँडवर कळला: दुसऱ्याने न्यायचं. फळी मेहुण्याच्या डोक्यावर, पाइप माझ्या खांद्यावर, आणि बंदूक, कव्हरात घालून, बायकोच्या हातात, कारण तिच्याकडे कुणी संशयाने पाहत नाही. कंडक्टरने खाच काढलेली निळी फळी उभी, आडवी, तिरकी धरून पाहिली. “हे काय, कमोडचं आहे का?”

“शूटिंगचं आहे,” मी म्हणालो.

बसमध्ये एकदम अदब आली. भिवंडी, वाडा, विक्रमगड करत आम्ही जव्हारला उतरेपर्यंत मागच्या तीन सीटवाल्यांनी पिक्चरचं नाव विचारून घेतलं होतं. त्यांची काय चूक? मुकणे राजांचा जयविलास राजवाडा पाहायला येणाऱ्या प्रत्येकाला जव्हारमध्ये कुणी ना कुणी सांगतंच की इथे पिक्चरचं शूटिंग झालंय. मराठी माणसाच्या डोक्यात ‘बेंच’ म्हटलं की शाळा आणि ‘शूटिंग’ म्हटलं की हिरो. दोन शब्दांचं नाव, आणि दोन्ही शब्द माझ्याविरुद्ध! आम्ही दाभोशाला पोचलो तेव्हा बातमी आमच्या आधी पोचली होती. मास्तरांच्या अंगणात वीसपंचवीस पोरं. “हिरो कोण?” एकाने विचारलं. मी छाती पुढे काढली. पोरं मेहुण्याकडे वळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेतात बाक मांडलं. कापलेल्या भाताचे बुंधे, ढेकळं, एक पाय खळग्यात, एक उंचवट्यावर. टोप्या काढून ठेवल्या. मऊ मातीत उघडा पाइपच चांगला रुततो. (म्हणजे त्या १६० रुपयांचा उपयोग फक्त आमच्या हॉलच्या फरशीला.) मास्तरांचे वडील बांधावर बसून पाहत होते. सगळं गाव त्यांना बाबा म्हणतं. वय त्यांनाही ठाऊक नाही. ते उठले, आले, बाकावर पंजा ठेवला आणि सगळं अंग लावून हलवलं. बाक ढिम्म.

“तीनच पाय?”

“तीनच, बाबा.”

“बेस. चुलीला दगड तीनच असतात.”

मी बायकोकडे पाहिलं. ती धबधब्याच्या दिशेला पाहत होती. मी भूमिती, मोजणीचं फळकं, इराणी हॉटेल असा तीन महिने युक्तिवाद केला होता; आणि तीन दगडांवर गेली हजारो वर्षं भात शिजतोय, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. भांडं कलंडत नाही, डुलत नाही. बाक नावाचं जे काही मी शोधून काढलं होतं, ते मास्तरांच्या मागच्या पडवीत धुराने काळं होऊन पडलेलं होतं.

“आता मारणार काय?” बाबांनी विचारलं. “डुक्कर? लई येतात भातात.”

“छे छे! १९७२ चा कायदा आहे, बाबा. रानातलं काही मारायचं नाही. पाखरूसुद्धा नाही.”

“मग?”

मी कोपऱ्यात उभं केलेलं लक्ष्य दाखवलं. मातीने भरलेली तीन पोती, त्यावर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर कागद.

बाबा थोडा वेळ कागदाकडे पाहत राहिले. “कागदानं काय खाल्लं तुझं?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही.

बंदुकीखाली ठेवायला वाळूची पिशवी लागते. ती डोंबिवलीलाच राहिली होती. मास्तरीणबाईंनी वरईची पिशवी दिली. अट एकच, होती तेवढी परत मिळाली पाहिजे. शिवाय एक गंमत सांगून ठेवतो, कारण ती मला कुणी सांगितली नव्हती. स्प्रिंगची एअरगन कडक टेकूवर दाबून धरली की वेडीवाकडी मारते. आत स्प्रिंग सुटते तेव्हा बंदूक आधी मागे आणि मग पुढे असा हिसका देते. तिला तो हिसका दरवेळी सारखाच देऊ द्यायला हवा. म्हणून पिशवीवर आधी आपला पंजा आणि पंजावर बंदूक, तीही सैल. दाबायची नाही, नुसती वाहायची. दुपारपर्यंत मला हे कळलं नाही. दुपारी आम्ही जेवायला गेलो तेव्हा एका कोंबडीने पिशवीला भोक पाडून वरईचा हिशेब बिघडवला, ती गोष्ट वेगळी.

पण त्याआधीची गोष्ट. सगळ्यांना मागे उभं केलं, पोरांना त्यांच्याही मागे मास्तरांच्या ताब्यात दिलं, तेलाच्या डब्यावर बसलो (बसायचं आसन बाकाला जोडलेलं नसावं, आपण खोकलो तर बाकाला कळता कामा नये), बंदूक खांद्याला लावली, आणि उजवं कोपर टेकवायला गेलो. ते खाली गेलं. आणखी खाली गेलं. माझ्या उजव्या कोपराखाली फळी नव्हती, पालघर जिल्हा होता.

खाच उजवीकडे होती.

मी उठलो. बाकाला प्रदक्षिणा घातली. समोरून पाहिलं, मागून पाहिलं. मेहुण्याने हळूच विचारलं, “भावोजी, आखलं तेव्हा फळी पालथी होती का?” त्या क्षणी मला सनमायका आठवला. आखलं प्लायच्या बाजूने. वर ठेवली सनमायक्याची बाजू. आरशातल्यासारखं सगळं उलटं. दोनदा तपासलं होतं, आणि दोन्ही वेळा बरोबर होतं. फक्त तळघरातल्या माणसासाठी. फळी उलटी करून पाय पुन्हा बसवता आले असते, पण त्याला पाना लागतो आणि पाना डोंबिवलीत, चौथ्या टोपीशेजारी.

तसेच पाच छर्रे मारले, कोपर हवेत ठेवून. कागद आणला. जव्हारचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. एक छर्रा मोखाड्याला, एक विक्रमगडला, एक वाड्याला, आणि एक हद्द ओलांडून नाशिक जिल्ह्यात. पाचवा मातीच्या पोत्यालाही सापडला नाही. पोरांमध्ये कुजबूज झाली. हिरो पडला होता.

“मी बसू का?” बायको म्हणाली.

आता हे सांगायला हवं की आमची ही डावरी. आईने लहानपणी पाठीत धपाटे घालून उजव्या हाताने जेवायला लावलं, शाळेत बाईंनी पट्टी मारून उजव्या हाताने लिहायला लावलं, आणि सासरी आल्यावर हळदीकुंकू उजव्याने, तीर्थ उजव्याने, सगळं उजव्याने. पण भाजी ती डाव्याने चिरते, केरसुणी डाव्याने धरते, आणि रागावली की वस्तू डाव्याने फेकते. हे शेवटचं मला फार जवळून माहीत होतं, तिचा नेम मी पस्तीस वर्षं समोरून पाहत आलो होतो, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता.

ती डब्यावर बसली. पदर खोचला. उजवी कूस खाचेत अशी बसली की जणू मापं घेऊन कापली होती. डावं कोपर फळीवर टेकलं. उजवा पंजा तिने वरईच्या पिशवीवर ठेवला आणि त्यावर बंदूक अलगद धरली. मी म्हणालो, घट्ट धर. ती म्हणाली, कशाला? तवा उचलताना फडकं काय आवळून धरतात?

पाच छर्रे. मास्तर स्वतः कागद आणायला गेले आणि येताना काही बोलेचनात. पाचही भोकं रुपयाच्या नाण्याखाली झाकली गेली असती. काळ्याच्या जरा डावीकडे, पण एकत्र, शेजारी शेजारी, हळदीकुंकवाला बसल्यासारखी. म्हणजे बंदूक सरळ होती. नळी सरळ होती. बाक तर खडक होतं. वरच्या कोर्टाचा निकाल लागला होता आणि खालच्या कोर्टाचाच निकाल कायम झाला होता.

पोरांनी जो ओरडा केला, तो धबधब्यापर्यंत गेला असेल. “हिरॉईन! हिरॉईन!” बाबांनी कागद हातात घेतला, उजेडात धरला, भोकांतून पलीकडे पाहिलं. “बेस,” म्हणाले. त्या दिवसातला दुसरा ‘बेस’. मला एकही नव्हता, हे कुणाच्या लक्षात आलं नसावं.

बायको उठली आणि म्हणाली, “हलत नाही हो अजिबात. छान झालंय टेबल.” लग्न झाल्यापासून मी घरात दोन शेल्फं, एक देव्हारा, एक मांजराची पेटी आणि असंख्य खुंट्या केल्या. त्यातल्या एकाही वस्तूबद्दल हे वाक्य मी ऐकलं नव्हतं. मी इतका सुखावलो की मेहुणा म्हणाला, “भावोजी, बाकाजवळ या, फोटो काढतो,” तेव्हा मी बाकाजवळ गेलो, एक हात बंदुकीवर ठेवला, संस्थानिकासारखी मान केली, आणि खाचेच्या बाजूच्या कोपऱ्यावर, अगदी सहज, ऐटीत बसलो.

वजन त्रिकोणाच्या बाहेर. रिक्षा.

फोटो उत्तम आला आहे. त्यात माझे दोन आणि बाकाचे तीन असे पाच पाय आकाशात दिसतात. बंदूक मेहुण्याने हवेतल्या हवेत झेलली. (तिच्यात छर्रा नव्हता, बाकावरून उठताना बंदूक रिकामी आणि मोडून ठेवायची, हा नियम बायकोने पहिल्याच दिवशी पाळला होता, मी नव्हे.) बाकाला ओरखडाही नाही. माझा घोटा सुजला. बायकोने हळदीचा लेप लावला आणि कानाशी येऊन चारच शब्द बोलली. कोणते, ते तुम्हाला माहीत आहेत.

तीन आठवडे काठी घेऊन चालत होतो. काठीची टोपी झिजलेली होती, म्हणून चमच्यांच्या खणातली चौथी टोपी काढली. ती सैल व्हायला लागली तेव्हा चिकटपट्टी गुंडाळली. त्याच काठीने औषधाच्या दुकानात क्रेप बँडेज आणायला गेलो. औषधवाल्याने काउंटरवरून वाकून काठी पाहिली, टोपी पाहिली, दोन पाय पाहिले, आणि बोटं मोजत समाधानाने म्हणाला, “झाले ना तीन!”

बायको आता महिन्यातून एकदा दाभोशाला जाते. मी तिची वरई धरतो. आता वाळू नेतो खरं तर, पण घरात शब्द वरईच राहिला. बाक मास्तरांकडेच असतं. दोन भेटींच्या मधल्या दिवसांत मास्तरीणबाई त्यावर नागलीचे पापड वाळत घालतात. शेतात मांडलं तरी डुलत नाही, कोंबडीला चढता येत नाही, आणि खाचेत उभं राहिलं की सगळीकडे हात पोचतो. त्या उजव्या हाताच्या आहेत, पण पापडांना फरक पडत नाही.

कुणाला करायचं असेल तर मापं वर दिलीच आहेत. ८५० रुपये धरून चाला, घरात जुनं टेबल असेल तर. आणि ते नेमकं कुणाच्या मते जुनं आहे, ते आधी विचारून घ्या. फळी चारही बाजूंनी पायांच्या जास्त बाहेर जाऊ देऊ नका. पुढे एक पाय, मागे दोन. आणि आखायला बसाल तेव्हा पेन्सिल उमटो न उमटो, जी बाजू वर ठेवायची आहे, त्याच बाजूने आखा.